वकील मिळतो, मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही
अपिलावर सही करणाऱ्या साहेबांना खुले पत्र

प्रति,
अपिलाच्या फाइलवर सही करणारे साहेब,
नवी दिल्ली.

विषय: मनोविकारामुळे घरी पाठवलेल्या जवानांची पेन्शन आणि उपचार.

साहेब,



तुमचे नाव इथे लिहीत नाही, कारण खुर्चीवरचा माणूस दर काही वर्षांनी बदलतो आणि फाइलवरचा मजकूर तोच राहतो. मनोविकारामुळे सैन्यातून बाहेर काढलेला एखादा जवान सशस्त्र दल न्यायाधिकरणात दावा जिंकतो, निकालाची प्रत तुमच्या टेबलावर येते आणि तुम्ही ‘अपील दाखल करावे’ म्हणून सही करता. त्या सहीमुळे एका घरात काय होते ते तुम्हांला तोंडावर सांगणारे कुणी तुमच्या इमारतीत दिसत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहितो आहे.

भरतीच्या मैदानापासून सुरुवात करतो. आमच्या साताऱ्याकडे अपशिंगे नावाचे गाव आहे. त्याच्या नावापुढे ‘मिलिटरी’ लागते आणि पहिल्या महायुद्धात त्या एका गावाचे ४६ जवान कामी आले. अशा गावांतली पोरे पहाटे डांबरी रस्त्यावर धावतात आणि भरतीला उभी राहतात. तुमचे डॉक्टर त्यांची छाती, डोळे, कान, गुडघे तपासतात आणि फिट म्हणून घेतात. पुढे दर वैद्यकीय तपासणीत जवानाला ‘शेप-वन’, म्हणजे पूर्ण तंदुरुस्त, राहावे लागते. त्या शेपमधला पहिलाच एस मनाच्या प्रकृतीचा असतो. म्हणजे मन तपासण्याची जबाबदारी तुमची आहे, हे तुमच्याच कागदावर मान्य आहे.

मग एके दिवशी त्या एसवर बोट ठेवायची वेळ येते. जवान रात्रीच्या ड्यूटीवर स्वतःशी बोलू लागतो, शेजारच्या बंकरमधला सोबती आपल्या जेवणात काही मिसळतो असे त्याला वाटू लागते. त्याच्याकडून रायफल काढून घेतात, सोबत दोन माणसे देऊन मिलिटरी हॉस्पिटलला पाठवतात. त्याला ‘कॅटेगरी लागते’, म्हणजे वैद्यकीय श्रेणी उतरते. काही महिने औषधे, पुन्हा तपासणी, पुन्हा औषधे, आणि शेवटी मेडिकल बोर्ड त्याला ‘बोर्ड आऊट’ करते. इथपर्यंत डॉक्टरांचे काम आहे आणि त्यात मला दोष काढायचा नाही. ज्याच्या मनाचा तोल गेला आहे त्याच्या हाती शस्त्र देऊ नये, हे कुणालाही पटेल.

पण बोर्डाच्या त्या छापील फॉर्मवर दोन प्रश्न असतात. आजार सेवेमुळे झाला का? सेवेमुळे वाढला का? दोन्हींपुढे ‘नाही’ लिहिले जाते. कारणाच्या जागी बऱ्याचदा एकच शब्द असतो: ‘कॉन्स्टिट्यूशनल’. आजार याच्या मुळातच होता, असा त्याचा अर्थ. जवान त्या वेळी त्या आजाराच्या आणि औषधांच्या गुंगीत असतो. त्याची बायको किंवा आई हजारो किलोमीटर लांब गावात असते. तो दाखवतील तिथे सही करतो, सामानाची काळी पेटी घेतो आणि घरी येतो.

आता त्या दोन ‘नाही’चा हिशेब मांडतो. आजार सेवेशी जोडलेला नाही, म्हणून अपंगत्वाची पेन्शन नाही. सेवा दहा वर्षांहून कमी भरली असेल तर इन्व्हॅलिड पेन्शनही नाही, फक्त ग्रॅच्युइटीची एकरकमी रक्कम. हा दहा वर्षांचा अडसर तुम्ही २०२० साली काढलात, पण ४ जानेवारी २०१९ ला किंवा त्यानंतर जे सेवेत होते त्यांच्यापुरताच. त्याआधीचे तसेच राहिले. पेन्शन नाही म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, ईसीएचएसचे, कार्ड नाही, कारण ती योजना मुळात पेन्शनरांसाठी आहे. आणि कार्ड नाही म्हणजे मानसोपचारतज्ज्ञाची फी, दर महिन्याच्या गोळ्या आणि झटका आला की दवाखान्यात ठेवण्याचा खर्च, सगळे घरच्यांच्या अंगावर. ज्या आजारापायी त्याची नोकरी गेली, त्याच आजाराचा इलाज तुमच्या शेऱ्याने तोडला. पाय गमावलेल्या जवानाला कुबडी नाकारायची हिंमत तुम्ही केली नसती. मन गमावलेल्याला गोळी नाकारताना तुम्हांला काहीच अडले नाही.

कायदा संदिग्ध आहे, असे तुम्हांला म्हणता येणार नाही. २०१३ साली धरमवीर सिंह यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सगळे सोपे करून सांगितले आहे. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान निरोगी होता असेच धरायचे. नंतर आजार झाला तर तो सेवेमुळे नाही, हे सिद्ध करायचे ओझे सरकारवर. बोर्डाने कारणे द्यायची, आणि शंका राहिली तर तिचा फायदा जवानाला. त्याच वर्षी स्किझोफ्रेनियाच्या निदानावर घरी पाठवलेल्या दुसऱ्या एका जवानाच्या प्रकरणात त्या न्यायालयाने बोर्डाचे मत तसेच्या तसे स्वीकारायला नकार दिला आणि फेरतपासणी करायला लावली. मे २०२५ मध्ये, १९९८ साली याच आजारामुळे बाहेर काढलेल्या आणखी एका जवानाला सर्वोच्च न्यायालयाने अपंगत्वाची पेन्शन दिली. कारणे न देणारे बोर्डाचे मत त्याच्याविरुद्ध वापरता येणार नाही, हे न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले. १९९८ ते २०२५. सत्तावीस वर्षे, साहेब. पंचविशी-तिशीत घरी आलेला माणूस साठीकडे झुकतो तेव्हा तुमचे सरकार त्याला मान्य करते, तेही न्यायालयाने सांगितल्यावर.

गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना त्यांना हा प्रकार खटकला होता. २०१५ साली त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. तिच्यात निवृत्त सेनाधिकारी, लष्करी कायद्याचे जाणकार आणि कारगिलच्या युद्धात पाय गमावलेले अधिकारी होते. अपंग सैनिकांविरुद्धची अपिले आवरा, असे त्या समितीने स्पष्ट सांगितले. पीस स्टेशनला, म्हणजे युद्धक्षेत्राबाहेरच्या ठाण्यावर, असताना आजार झाला म्हणून तो सेवेचा नाही, या तर्कावरही तिने बोट ठेवले. जवान पीस स्टेशनला असला तरी चोवीस तास हुकुमाखाली असतो. घरी भाऊबंदकीत बांधाचा वाद पेटलेला असतो, तलाठ्याकडे नोंद अडकलेली असते, आई आजारी असते आणि रजा मिळत नाही. हा ताण ज्या नोकरीमुळे आहे तिचा आजाराशी संबंध नाही, असे लिहिताना पेन थांबायला हवे होते.

समितीचा अहवाल आला आणि तुमचे सह्या करणे चालू राहिले. डिसेंबर २०२४ मध्ये एका जवानाच्या विधवेला मिळालेल्या पेन्शनविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तो जवान नियंत्रण रेषेवर गस्त घालताना कडाक्याच्या थंडीत गेला होता. न्यायालयाने अपील फेटाळले आणि सरकारला ५० हजारांचा दंड केला. न्यायाधिकरणाच्या निकालांवर उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मोकळी केली. दिल्लीला जाऊन सर्वोच्च न्यायालयात वकील देणे ज्याला परवडत नाही, त्या सैनिकाची त्यात मोठी सोय होती. त्या वाटेवर सर्वांत आधी गर्दी केलीत ती तुम्ही. अपंगत्वाच्या पेन्शनविरुद्धच्या सरकारच्या सुमारे तीनशे याचिका जुलै २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला एकदम फेटाळाव्या लागल्या.

तीनशे याचिका म्हणजे तीनशे फाइली, तीनशे वकीलपत्रे आणि तीनशे घरांत आलेल्या नोटिसा. जवानाच्या विरोधात उभे करायला तुम्हांला वकील मिळतो. त्याच्या बाजूला बसवायला मानसोपचारतज्ज्ञ मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, कार्ड असलेल्यांना तर आम्ही उपचार देतो. तेही पाहू. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली. आज देशभर चारशेहून अधिक पॉलिक्लिनिक आहेत आणि लाभार्थी पन्नास लाखांच्या वर आहेत. योजना येण्याआधी निवृत्त सैनिकाला मिलिटरी हॉस्पिटलात जागा मिळेल तेवढीच सोय होती, हे लक्षात घेता योजना मोठी आहे आणि तिने लाखो घरांतली हृदयाची, मूत्रपिंडाची, कर्करोगाची बिले भरली आहेत. ते श्रेय तिचेच. ती फुकटही नाही. निवृत्त होताना हवालदारापर्यंतचा जवान ३० हजार, जेसीओ ६७ हजार आणि अधिकारी १ लाख २० हजार रुपये भरतो, आणि त्यानुसार जनरल, सेमी-प्रायव्हेट किंवा प्रायव्हेट वॉर्ड ठरतो. आयुष्यभर हुद्द्यानुसार जेवलेला माणूस नैराश्यात गेल्यावरही हुद्द्यानुसारच खाट मिळवतो.

पण पॉलिक्लिनिकच्या कंत्राटी भरतीच्या जाहिराती वाचा. मेडिकल ऑफिसर, मेडिकल स्पेशालिस्ट, स्त्रीरोगतज्ज्ञ, दंतवैद्य, फिजिओथेरपिस्ट, फार्मासिस्ट, लॅब टेक्निशियन, ड्रायव्हर, चौकीदार. या ठराविक यादीत मानसोपचारतज्ज्ञाला जागा नाही, समुपदेशकालाही नाही. दातासाठी खुर्ची आहे, मनासाठी स्टूलसुद्धा नाही.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका पॉलिक्लिनिकमध्ये मी एका निवृत्त हवालदाराच्या पत्नीला पाहिले आहे. पहाटेची एसटी धरून त्या आल्या होत्या. कॅन्टीनच्या पिशवीत जुने केसपेपर, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या आणि रबर लावलेले कार्ड. पती बाकावर भिंतीला पाठ लावून बसलेले, नजर दारावर. आत गेल्यावर त्या डॉक्टरांना म्हणाल्या, “रातभर दाराला कडी घालून दारातच बसत्यात. पोरालाबी आत येऊ देत न्हाईत. निजतच न्हाईत.” डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले होते, पण बाहेर रांग दारापर्यंत होती. त्यांनी झोपेची गोळी लिहिली आणि शहरातल्या हॉस्पिटलचे रेफरल दिले. लिहून दिलेल्या दोन औषधांपैकी एक खिडकीवर नव्हते. म्हणजे बाहेरून घ्या, पावती ठेवा, परतफेडीचा अर्ज करा. शहरातले हॉस्पिटल म्हणजे आणखी एक एसटी, आणखी एक दिवस, आणि हा माणूस गर्दीत बसायला तयार होईल तेव्हाच. डॉक्टर मन लावून ऐकत होते. पण ऐकायला वेळच उरू नये, अशी व्यवस्था त्यांच्यावर लादलेली होती.

रेफरलवर गेलेल्यालाही काय मिळते? ईसीएचएसचे दर केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेच्या दरांवर चालतात. तज्ज्ञाच्या तपासणीचा दर बरीच वर्षे १५० रुपये होता, तो एप्रिल २०२३ मध्ये ३५० झाला. रक्तदाब पाहून गोळी बदलायला हा दर चालेल. पण युद्धाच्या आठवणींनी वीस वर्षे न झोपलेल्या माणसाची पहिली हकीकत ऐकायला तासभर लागतो, आणि नंतर आठवड्या-पंधरवड्याने बोलावून महिनोन् महिने त्याच्याशी बोलावे लागते. तो वेळ तुम्ही मोजतच नाही, म्हणून तुमच्या पैशांत फक्त गोळी मिळते. त्यात हॉस्पिटलांची बिले थकतात आणि काही शहरांत ती कार्ड घेणे बंद करतात, हे संसदेच्या स्थायी समितीपासून गावच्या माजी सैनिक संघटनेपर्यंत सगळ्यांना माहीत आहे. औषधांची आणि माणसांची टंचाई कॅगने ईसीएचएसवरच्या २०१५ च्या अहवालात मांडली होती.

सैनिकाची काळजी घेणे या देशाला जमत नाही, असे म्हणायला जागा नाही. पुण्यालाच या. कृत्रिम अवयव केंद्र १९४४ पासून पाय बसवून देते आहे. खडकीची क्वीन मेरी तांत्रिक संस्था १९१७ साली, पहिल्या महायुद्धातल्या अपंग सैनिकांसाठी, मुंबईत सुरू झाली आणि नंतर पुण्याला आली. ती आजही जायबंदी जवानांना हुन्नर शिकवते. कण्याला इजा झालेल्यांसाठी खडकीतच १९७४ पासून पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. चाकाच्या खुर्चीतले जवान तिथे सन्मानाने राहतात, खेळतात. एका शहरात, शरीराच्या तीन वेगवेगळ्या जखमांसाठी तीन संस्था, आणि त्यांतली एक शंभरी ओलांडलेली. मनाच्या जखमेसाठी, निवृत्त किंवा बोर्ड आऊट झालेल्या जवानाला कामाला लावून, कुटुंबासकट सांभाळून पुन्हा उभे करणारी या तोडीची संस्था कुठे आहे? पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात डिसेंबर २०२३ मध्ये सैन्यदलांसाठी टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा कक्ष सुरू झाला. स्वागत आहे. फोनवर धीर मिळतो, आणि रात्री दोन वाजता तो मोलाचाच असतो. पण फोन ठेवल्यावर सकाळी जायचे कुठे, याचे उत्तर पुन्हा त्या रेफरलच्या कागदाशीच येऊन थांबते.

तुमच्या शेऱ्याचा परिणाम घरी आलेल्यांपुरता थांबत नाही. पलटणीत राहिलेले सगळे पाहत असतात. अमक्याने डॉक्टरला खरे सांगितले, त्याला कॅटेगरी लागली, प्रमोशन गेले, बोर्ड आऊट झाला, पेन्शनही नाही. हे पाहिलेला जवान तोंड बंद ठेवतो. संसदेत २०२२ मध्ये सरकारनेच सांगितले की आधीच्या पाच वर्षांत तिन्ही दलांतल्या ८१९ जणांनी आत्महत्या केल्या, त्यांपैकी ६४२ लष्करातले. त्या प्रत्येकामागे तुमचा शेरा होता, असे मी म्हणत नाही. मदत मागितली तर शिक्षा होते हा धडा मात्र तुम्ही पलटणींना शिकवला आहे, आणि तो त्यांनी पाठ केला आहे. हे आकडे सेवेतल्यांचे. अमेरिकेचा माजी सैनिक विभाग निवृत्तांच्या आत्महत्यांचा अहवाल दरवर्षी प्रसिद्ध करतो आणि त्यावरून शिव्याही खातो. आपल्याकडे निवृत्तांचा तसा वार्षिक अहवाल तुम्ही काढा, मग आपण योजनांवर बोलू.

तुमची एक बाजू आहे, ती सोडून देत नाही. अपंगत्वाच्या पेन्शनचा गैरफायदा घेतला जातो, असे तुम्ही सांगता. निवृत्तीच्या तोंडावर रक्तदाब आणि मधुमेह दाखवून पेन्शन वाढवून घेणारे आहेत, आणि अपंगत्वाचा लाभ घेऊन निवृत्त होणाऱ्यांचे प्रमाण जवानांपेक्षा अधिकाऱ्यांत जास्त असल्याची नोंद कॅगनेही घेतली आहे. त्यांना जरूर तपासा. सप्टेंबर २०२३ चे नवे नियम तुम्ही त्याच कारणाने आणले. पण सत्तावीस वर्षांचा पोरगा स्किझोफ्रेनियाचे सोंग घेऊन स्वतःची नोकरी, लग्न आणि गावातली पत सगळे घालवतो, असे तुम्हांला खरेच वाटते का? लबाड पकडायला लावलेले जाळे त्याच्या गळ्यात टाकू नका. तो फिर्याद घेऊन येणाऱ्यांत सर्वांत दुबळा आहे, म्हणून तुम्हांला सापडतो.

मागण्या मोजक्या आहेत आणि एकीलाही नवा कायदा लागत नाही. मनोविकारामुळे बोर्ड आऊट झालेल्या प्रत्येकाला, शेरा काहीही असो, त्या आजारापुरते ईसीएचएसचे कार्ड आजपासून द्या. जुन्या प्रकरणांचाही त्यात समावेश करा, त्यांचे पत्ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांतून काढता येतील. बोर्डाने ‘नाही’ लिहिले तर खाली कारण लिहिणे सक्तीचे करा, आणि कारण नसेल तर तो फॉर्म परत पाठवा. जिल्ह्याच्या पॉलिक्लिनिकमध्ये आठवड्यातून ठरलेल्या दिवशी मानसोपचारतज्ज्ञ आणि रोज समुपदेशक बसवा, त्यांना वेळेनुसार मोबदला द्या. मनोविकाराच्या औषधांचा खंड पडू देऊ नका, कारण गोळी चुकली की आजार पहिल्या पायरीवर जातो. आणि मनोविकाराच्या प्रकरणांतली सगळी अपिले काढून घ्या. तिथे वाचलेला वकिलांचा खर्च डॉक्टरांच्या मोबदल्याला कमी पडला तर मग पैशांचे कारण सांगा.

हे सगळे आत्ताच करण्याची घाई का, तेही सांगतो. जून २०२२ मध्ये चार वर्षांपुरत्या भरतीची अग्निपथ योजना आली. तिच्या पहिल्या तुकडीची चार वर्षे २०२६ च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यांतल्या जास्तीत जास्त पाव पोरांना कायम केले जाईल, बाकीची घरी येतील. त्यांना पेन्शन नाही, ईसीएचएस नाही. सेवेत अपंगत्व आले तर टक्केवारीप्रमाणे ४४, २५ किंवा १५ लाख रुपये एकदाच, आणि तेही अपंगत्व सेवेशी जोडलेले आहे असे बोर्डाने म्हटले तरच. म्हणजे पुन्हा तोच फॉर्म, तेच दोन प्रश्न. चार वर्षांत काश्मीरमध्ये किंवा सियाचिनवर ड्यूटी केलेल्या तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलाला घरी आल्यावर दोन वर्षांनी आवाज ऐकू येऊ लागले, तर तो तुमच्या कोणत्याच रजिस्टरमध्ये नसेल. दर वर्षी अशी हजारो मुले गावागावांत परत येणार आहेत, आणि त्यांच्या आया पहाटेची एसटी धरून नेमक्या कोणत्या दवाखान्यात जातील, हे तुम्ही अजून ठरवलेले नाही.

तुमच्या टेबलावर उद्या आणखी एक निकाल येईल. जवान जिंकलेला असेल, कारकुनाने अपिलाचे टिपण तयार ठेवलेले असेल आणि फक्त तुमची सही बाकी असेल. ‘निकाल मान्य. पेन्शन आणि उपचार तातडीने सुरू करावेत,’ एवढे लिहायला जेवढी शाई लागते तेवढीच अपिलाला लागते. यांपैकी कोणत्या वाक्याखाली सही केली, ते यापुढे आम्ही विचारत राहू: प्रत्येक अधिवेशनात आमदार-खासदारांमार्फत, प्रत्येक सैनिक मेळाव्यात आणि प्रत्येक वर्तमानपत्रात.

आपला,
सातारा जिल्ह्यातला एक नागरिक